छतापर्यंत गेलेला कांदा

पास्कोलभाऊंच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर येशूची तसबीर आहे आणि समोरच्या भिंतीवर देशातलं कांद्याचं उत्पादन आहे. चेष्टा नाही. आलेखाचे कागद एकाला एक चिकटवून त्यांनी भिंत भरून टाकली आहे. रेघ सुरू होते खाली, चपलांच्या फळीपाशी, त्यांच्या लहानपणाच्या वर्षांत. खिडकीपर्यंत ती रमतगमत येते, मग चढणीला लागते, मधल्या एखाद्या वाईट वर्षी धपकन बसते, पुन्हा उठते, दाराच्या चौकटीवरून वर जाते आणि आता छताला टेकली आहे.

"पुढच्या वर्षी काय करणार?" मी एकदा विचारलं.

"कौलं काढू की, बाई!"

तुम्ही दोघं नातवंडं मागच्या वेळी इथे आलात तेव्हा ज्यांनी तुम्हाला स्टुलावर चढवून ती रेघ दाखवली, तेच हे गृहस्थ. आपल्या इमारतीच्या कुंपणापलीकडचं कौलारू घर त्यांचं. तुम्ही फोनवर 'कांदेवाले आजोबा' असं विचारता, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे.

पास्कोलभाऊ मुंबईला सरकारी कचेरीत होते. पिकांचे आकडे जमवायचं ते खातं. बाकीचे लोक भातावरून कापसावर, कापसावरून बढतीवर गेले. हे कांद्यावरच राहिले. कांदा म्हणजे नुसता कांदा नव्हे, "कांदा आणि छोटा कांदा." सांबारात असतात ना, ते बोराएवढे, ते छोटे. पास्कोलभाऊ ही दोन नावं नेहमी एका दमात घेतात, नवराबायकोची घ्यावीत तशी. "जगाच्या तक्त्यात दोघांचा संसार एकाच रकान्यात आहे, बाई. आपण कोण वेगळं करणारे?" आम्ही एकदा सगळे मिळून उडुप्याकडे गेलो होतो. त्यांनी सांबारातला कांदा चमच्याने वर काढला, निरखला आणि म्हणाले, "हा मोजलेला आहे." मगच खाल्ला.

त्यांचं एक वाक्य इथे वसईच्या पापडी गावात सगळ्यांना पाठ आहे: "एका सालावर जाऊ नका, कल बघा." भाव वाढला की आमच्या फाटकाशी बायका जमतात, सरकारपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. पास्कोलभाऊ कुंपणावरून डोकावतात. "चिरायच्या आधीच रडताय? हे साल पडलं. कल वरच आहे." माझं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली, यांनी मात्र जुने सगळे कागद मागितले. एका आकड्यावर गोळी घेणं त्यांना उतावीळपणा वाटला.

त्यांच्या पत्नी, कतरीनबाय, या सगळ्यावर हसायच्या. त्या घरात जी बोली बोलतात ती मला अर्धीच कळते, म्हणून त्यांचं बोलणं आपल्या मराठीतच लिहिते. त्या म्हणायच्या, "देशाचा कांदा चढू दे छपरावर. आपल्या वाडीतला कुठे चाललाय ते बघा."

तो खालीच चालला होता. वसईचा पांढरा कांदा, गोडसर, कच्चा खाल्ला तरी डोळ्यात पाणी न आणणारा. पूर्वी त्यांची वाडी रस्त्यापर्यंत होती. भावांच्या वाटण्या झाल्या, तुकडे विकले गेले, इमारती आल्या. आपलीही त्यातलीच एक. पास्कोलभाऊ आमच्याकडे चहाला आले की सोफ्यावर बसताना म्हणत, "इथला वाफा फार चांगला होता." मागे विहिरीजवळ कतरीनबायांनी थोडी जागा राखली होती, तेवढ्यात कांदा व्हायचा. पास्कोलभाऊंच्या भिंतीवर त्याला जागा नव्हती. "रेघेला तो कळणारसुद्धा नाही," असं ते म्हणत, पण जरा हळू आवाजात.

या कांद्याचं बी बाजारातलं नव्हतं. कतरीनबायांच्या आईने लग्नात दिलेलं. कांद्याचं बी वर्षापलीकडे टिकत नाही, हे मला इथे येऊन कळलं. म्हणून काढणी झाली की कतरीनबाय ओट्यावर बसून कांदे निवडायच्या. मान बारीक, बूड एकच, अंग गोल, असे कांदे बाजूला. त्यांच्या वाळलेल्या पातीची वेणी घालून ती चुलीवरच्या आढ्याला टांगायची. पाऊस संपला की ते कांदे परत जमिनीत लावायचे. त्यांना फुलोरा येतो, त्यात बी धरतं. ती वेणी खायची नसते. घरात दुसरा कांदा नसला तरी शेजारून मागून आणायचा, पण तिला हात लावायचा नाही.

तीनेक वर्षांपूर्वी कतरीनबाय चर्चमध्ये मिस्साला निघाल्या आणि वाट चुकून अर्नाळ्याच्या बसमध्ये बसलेल्या सापडल्या. मग हळूहळू माणसं विसरल्या. डॉक्टर म्हणाले, काही दिवस बरे असतील, काही नसतील, पण एकूण दिशा तुम्ही समजून घ्या. तेव्हापासून सकाळी कुंपणाशी आले की पास्कोलभाऊ मला त्या दिवसापुरतं सांगतात. "आज मला नावाने हाक मारली." "आज चहात साखर बरोबर पडली."

कतरीनबायांचे हात मात्र काही विसरले नव्हते. विळी पुढ्यात घेतली की अजूनही अशा सरसर चिरत की बघत राहावं. फक्त आता त्या उठत, हात वर करत आणि वेणीतलाच कांदा तोडून घेत.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलेच. "पास्कोलभाऊ, अहो, बियाण्याचा कांदा!"

"हळू, बाई," ते म्हणाले.

त्याच साली फुलोऱ्यावर अवकाळी पाऊस झाला होता आणि बी धरलंच नव्हतं. म्हणजे त्या घरच्या कांद्याचं जे काही उरलं होतं, ते सगळं त्या वेणीत टांगलेलं होतं. हे त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "माझ्या बाल्कनीत आणून टांगा. दिवाळीनंतर लावा." त्यांनी मान हलवली. चार दिवसांनी गेले तर वेणी तिथेच, आणखी आखूड झालेली.

"का नाही आणलीत?"

"ती रोज उठून हात वर करते, बाई," ते म्हणाले. "तेवढं एकच आपणहून करते. हाताला काही लागायला नको?"

"मग बाजारातले कांदे टांगा तिथे."

"बाजारातल्या कांद्याला पात ठेवतात कुठे? वेणी कशाची घालू?" मग म्हणाले, "आणि हे निवडलेत तिनेच. तिचे आहेत. खाऊ दे."

दुपारी त्या दोघांना जेवताना मी पाहिलं. बटाट्याची भाजी, पाव आणि बशीत त्या पांढऱ्या कांद्याच्या चकत्या. पास्कोलभाऊ एकेक चकती सावकाश चावत होते. आयुष्यभर देशाचा कांदा मोजणारा माणूस घरचा शेवटचा कांदा खात होता, आणि बायकोला म्हणत होता, "छान झालाय हं."

दिवाळी झाली. विहिरीजवळचा वाफा या वर्षी तसाच राहिला. वेणी संपली.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी डबा घेऊन गेले होते. आढ्याला दोर होता आणि त्याला बाजारातले लाल कांदे, प्रत्येकाच्या गळ्याला सुतळी बांधून, ओबडधोबड लटकवलेले. पास्कोलभाऊंनी तेवढं जमवलं होतं. कतरीनबाय उठल्या, हात वर केला, एक कांदा ओढून काढला. अंगठ्याने त्याची मान चाचपली. बूड पाहिलं. नाकाशी धरला.

"हा आपला नाही," त्या म्हणाल्या.

पास्कोलभाऊ ताडकन उठले. "ओळखलं! बाई, ऐकलंत ना? ओळखलं तिने!" ते हसत होते आणि चष्मा पुसत होते.

"आपले कुठे आहेत?" कतरीनबायांनी विचारलं.

मी डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

"मागे सुकत घातलेत," ते म्हणाले.

"सांज झाली. दव पडेल. आत घ्या जा."

पास्कोलभाऊंनी पायांत चपला घातल्या, मागचं दार उघडलं आणि वाडीत गेले. खिडकीतून ते मला दिसत होते. विहिरीजवळच्या मोकळ्या जमिनीवर वाकून त्यांनी काहीतरी गोळा केल्यासारखं केलं, सुपात भरल्यासारखं केलं, आणि काखोटीला धरून, जपून पावलं टाकत परत आले.

"घेतले?" कतरीनबायांनी विचारलं.

"घेतले."

मग कतरीनबाय विळीवर बसल्या आणि तो लाल कांदा चिरू लागल्या.