पिण्याजोगा रंग

दुकानाचं शटर वर गेलेलं आणि मालक आत आलेले, हे लांबूनच पाहून शेडभाऊंनी भराभर पाय उचलले. एरवी मालक उगवायचे ते ऊन डोक्यावर आल्यावर. आज सकाळीच येऊन ते स्वतःच्या हाताने काउंटर पुसत होते, म्हणजे डॉक्टरबाई कुठल्याही क्षणी येऊन टपकणार होत्या.

शेडभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रंगाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाला हवी ती छटा मिसळून द्यायची, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की नाव आपोआप चिकटलं, आणि आता तर बायकोही पाहुण्यांसमोर चुकून तेच म्हणायची. डॉक्टरबाईंचं लहान मुलांचं नवं इस्पितळ तयार होत होतं. चांगला तीन मजल्यांचा रंग जाणार होता, पण बाईंना छटाच पसंत पडेना. एक म्हणे आजारी दिसते, दुसरी रडकी, आणि तिसरी पाहून बाईंचे दात दुखायला लागले.

आदल्या संध्याकाळी मालकांनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. "उद्या बाईंचा होकार आला नाही, तर मी मिसळायचं मशीन आणतो. तुम्ही मागे गोदामात जा, डबे लावा." गोदामाला खिडकी नव्हती. जन्मभर रंगांत बसलेल्या माणसाने उरलेली नोकरी तिथे काढायची, या विचाराने शेडभाऊंना रात्री जेवण गेलं नव्हतं.

त्यात आज लांब धावण्याचा दिवस; पहाटे दोन तास धावूनच ते थेट दुकानाकडे येत होते. हे खूळ मेहुण्याने डोक्यात घातलेलं. मेहुणा शर्यतीत धावायचा आणि त्याहून जास्त त्याबद्दल बोलायचा. "दाजी, दोन तास धावलात की अर्ध्या तासाच्या आत हे पेय पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर सगळी मेहनत मातीत! स्नायूंचं शटर पडतं, शटर!" शेडभाऊंना शटर म्हणजे काय ते नीट कळत होतं, म्हणून ते हा नियम देवाच्या भीतीने पाळत.

घरची बाटली गळायला लागल्यामुळे बायकोने आज दुधाची पावडर, सुक्या केळ्याची पूड, कोको, साखर आणि चिमूटभर मीठ हे सगळं दुकानातल्याच एका कोऱ्या बरणीत भरून दिलं होतं. नमुन्याच्या रंगासाठी असतात त्या पारदर्शक, फिरकीच्या झाकणाच्या बरण्या. असल्या बरण्या शेडभाऊंच्या घरी खिळ्यांपासून जिऱ्यापर्यंत सगळ्याला होत्या. दुकानात पोचताच त्यांनी बरणीत पाणी ओतून ती खळाखळा हलवली. फेस बसल्याशिवाय प्यायचं नाही, पोट फुगतं, असंही मेहुण्याचं म्हणणं होतं. म्हणून बरणी काउंटरवर ठेवून ते घामाचा सदरा बदलायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा डॉक्टरबाई काउंटरपाशी उभ्या होत्या आणि बरणी मालकांच्या हातात होती.

"हाच!" बाई म्हणाल्या. "अगदी हाच! इतके दिवस कुठे लपवून ठेवला होता?"

"तुमच्यासाठी मुद्दाम करून घेतला, बाई," मालक म्हणाले. त्यांनी झाकण काढलं, ब्रश बुडवला आणि नमुन्याच्या पांढऱ्या फळीवर एक ऐसपैस पट्टा ओढला. फिक्कट बदामी, त्यात किंचित गुलाबी झाक. शेडभाऊंना मनातल्या मनात कबूल करावं लागलं की छटा खरोखर सुरेख होती.

"मालक, ते जरा..."

"थांबा हो शेडभाऊ! बाई बघतायत ना?"

बाई फळीला नाक लावून वास घेत होत्या.

"केळ्याचा वास येतोय."

"येणारच!" मालक म्हणाले. "मुलांच्या खोल्यांसाठी खास. उग्र वास अजिबात नाही."

शेडभाऊंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काटा सरकत होता. खरं सांगावं, तर बाईंचा होकार गेला आणि गोदाम आलं. गप्प बसावं, तर अर्धा तास संपला आणि पहाटेचे दोन तास गटारात. पोटऱ्या आत्ताच दगड व्हायला लागल्या होत्या. मालक ब्रश पुन्हा बुडवून दुसरा पट्टा ओढत होते आणि प्रत्येक पट्ट्यागणिक शेडभाऊंचा घोट कमी होत होता.

"एकच शंका," बाई म्हणाल्या. "मुलं भिंती चाटतात. नखांनी खरवडून तोंडात घालतात. यात विषारी काही नाही ना?"

"विषारी?" मालकांना आता चेव चढला होता. "अहो बाई, आमचा रंग म्हणजे लोणी! हा आमचा माणूस आत्ता तुमच्यासमोर पिऊन दाखवेल!"

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं शेडभाऊंना झालं. पुढचा विचार त्यांना सुचलाच नाही. त्यांनी मालकांच्या हातून बरणी घेतली, तोंडाला लावली आणि गटागटा रिकामी केली. कडेला लागलेलंही बोटाने निपटून चाटलं.

"छान झालंय," ते म्हणाले.

मालकांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"अहो, मी बोलण्याच्या ओघात बोललो!" ते किंचाळले. "प्यायला कुठे सांगितलं?"

"वेड लागलंय का तुम्हा दोघांना?" डॉक्टरबाईंनी शेडभाऊंचं मनगट पकडलं. "चला! माझी गाडी बाहेर आहे. वाटेत झोपू नका, बोलत राहा!"

गाडीत मालक मागच्या सीटवर शेडभाऊंना मिठी मारून बसले होते. "दुकानासाठी जीव द्यायला निघालात! आणि मी पापी तुम्हाला गोदामात टाकणार होतो!"

"मला काही होत नाहीये हो, मालक."

"सुरुवातीला असंच वाटतं," बाई पुढून गंभीर आवाजात म्हणाल्या. नेमका त्याच वेळी शेडभाऊंच्या डाव्या पोटरीत गोळा आला. ते ओय ओय करत सीटवर आडवे झाले आणि पाय झाडू लागले.

"झटके!" मालकांनी हंबरडा फोडला. बाईंनी गाडीचा वेग वाढवला.

बाईंचा जुना दवाखाना जवळच होता. मालकांना बाहेरच्या बाकावर बसवून बाईंनी शेडभाऊंना आतल्या पलंगावर आडवं केलं. नर्सने एक लांबलचक नळी आणली. ती कुठून आत जाते आणि काय बाहेर काढते, हे शेडभाऊंना न सांगताच समजलं. इतक्या खटाटोपाने वेळेत आत गेलेलं पेय आता उलट्या वाटेने बाहेर येणार होतं. नळी नाकाशी आली तेव्हा त्यांचा धीर सुटला.

"बाई, नळी नको! तो रंग नव्हता!"

"मग काय होतं?"

"केळं, दूध पावडर, कोको. धावून आलो होतो दोन तास. अर्ध्या तासाच्या आत प्यावं लागतं, नाहीतर स्नायूंचं शटर पडतं."

बाईंनी वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. मग नर्सला नळी घेऊन जायला सांगितलं, खुर्ची ओढून बसल्या आणि पदरात तोंड लपवून बराच वेळ हलत राहिल्या.

"कुणी सांगितलं हे शटर?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"मेहुण्याने."

"त्याला माझ्याकडे पाठवा. स्नायूंना कसलं आलंय शटर? दोन तास धावलात तर प्या, चांगलंच आहे. पण तासा-दोन तासांत घरी जाऊन नीट जेवलात, तरी भागतं. लगेच पुन्हा धावायचं असेल त्याने घाई करावी. आणि जवळपास फेरी मारून आलात, तर ह्याची गरजच नाही. लांब धावल्याशिवाय घ्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा."

"ठेवतो. पण बाई, मालकांना सांगू नका. मला गोदामात घालतील हो."

शेडभाऊंनी पलंगावरूनच हात जोडले. बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "पेशंटचं मी बाहेर बोलत नाही," त्या म्हणाल्या. "छटा मात्र मला तीच पाहिजे. खऱ्या रंगात."

बाहेर येऊन बाईंनी मालकांना एवढंच सांगितलं की माणूस ठणठणीत आहे. ती छटा शेडभाऊंनी फळीवरच्या वाळक्या पट्ट्याशी ताडून त्याच दिवशी मिसळली. बाईंनी तिन्ही मजल्यांना होकार दिला. मशीनचं नाव मालकांनी पुन्हा काढलं नाही. उलट, आपला माणूस दुकानाच्या शब्दाखातर रंग प्याला, ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. पहिल्या दिवशी बरणी होती, आठवड्याभरात डबा झाला. शेडभाऊ मान खाली घालून ऐकत आणि सुटलो म्हणत.

मग एक दिवस पाळणाघर चालवणारे एक गृहस्थ आले. त्यांनाही भिंती चाटणाऱ्या मुलांची काळजी होती. मालकांनी गोष्ट सांगितली.

"थापा मारू नका," गृहस्थ म्हणाले. "रंग कुणी पितं का?"

"थापा?" मालक लालबुंद झाले. "शेडभाऊ! इकडे या. दाखवा यांना!"

त्यांच्या हातातल्या बरणीत फिक्कट पिवळा रंग होता. तो शेडभाऊंनी सकाळीच मिसळला होता आणि त्यात काय काय पडलंय, हे त्यांना तोंडपाठ होतं. मालक अभिमानाने बघत होते, गृहस्थ संशयाने. मागच्या बाजूला गोदामाचं दार अर्धवट उघडं होतं.

"पितो की," शेडभाऊ म्हणाले. "पण डॉक्टरबाईंनी बजावलंय. लांब धावल्याशिवाय हे घ्यायचं नाही."

"लांब म्हणजे?" गृहस्थांनी विचारलं.

"दोन तास तरी."

एवढं बोलून शेडभाऊंनी ॲप्रन काढून खुंटीला टांगला, पायरी उतरले आणि चपलांसकट धावत सुटले. कोपऱ्यावर वळताना त्यांनी मागे वळून पाहिलं. मालकांनी गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची दिली होती आणि स्वतः बरणी हातात धरून, घड्याळ बघत दारात उभे होते.