म्हंजे काय करायचे?

दहाव्याच्या भाषणात मध्येच उठून शंका विचारणारा माणूस अख्ख्या मुरूम गावात एकच, आमच्या समोरच्या घरातले गोरोबा गुरुजी.

पिंडाला कावळा शिवला की आमच्याकडं चारजण उभे राहून, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. एकदा एक पुढारी सुरू झाले, "आप्पा अतिशय मायाळू होते." सतरंजीवरून गुरुजींचा आवाज आला, "म्हंजे काय करायचे?" पुढाऱ्याला घाम फुटला. लोक माना खाली घालून हसू दाबायला लागले. शेवटी बिचाऱ्याला आठवलं, की उसात गेलं की आप्पा पहिलं कांडं मोडून सालगड्याच्या लेकरांना द्यायचे. तोवर कोरडा बसलेला आप्पांचा थोरला लेक ढसाढसा रडायला लागला. गुरुजी समाधानानं खाली बसले.

जन्मभर शेजारच्या गावच्या शाळेत मराठी शिकवलेला माणूस. फळ्यावर शुद्ध, घरात आपलं लई आणि न्हाय.

मीही मास्तरीणच. शाळेच्या वार्षिकासाठी वडिलांवर चार पानी लेख लिहिला आणि हौसेनं गुरुजींना दाखवायला नेला. मेली हौस ती! 'आधारवड' शब्द दिसताच त्यांनी विचारलं, "कुठल्या शिवारातला?" आणि लाल रेघ मारली. मग 'कष्टाचा डोंगर' गेला, 'मायेचा सागर' आटला. चार पानांत एकच ओळ जिवंत राहिली: अणदूरच्या जत्रेहून वडील सदऱ्याच्या खिशातून रेवड्या आणायचे. "हितनं सुरू कर," म्हणाले. मी घरी येऊन रागानं भांडी आपटली.

पण लेख रेवडीपासूनच लिहिला. छापून आला आणि आठवड्याभरात दादाचा फोन. शेताच्या वाटणीपासून आमच्यात अबोला होता. म्हणाला, "त्या रेवड्यांना तंबाखू चिकटलेली असायची, ते लिहायचं राहिलं की गं." पुढं बराच वेळ आम्ही दोघंही नुसते नाक ओढत होतो. गुरुजींना मी तेव्हापासून मनोमन हात जोडते. तोंडावर मात्र सांगितलं नाही, उगीच चढून बसतील.

आता गुरुजींच्या बायकोला, आमच्या काकूंना, जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला लेकीनं छोटी पुस्तिका छापायची ठरवली, आणि पहिलं पान बाबांनीच लिहायचं. छापखान्यात सोमवारी द्यायचं होतं. शनिवारी मी शेंगाची चटणी द्यायला गेले, तर गुरुजी कागदासमोर बसलेले. कागदावर 'मायाळू होती', त्यावर लाल रेघ. 'सोशिक होती', त्यावरही रेघ. बाकी सगळा कोरा.

काकू रोज काय करायच्या, तेच लिहा की, मी म्हटलं.

"म्या बघितलंच न्हाय गं," गुरुजी म्हणाले. "सकाळची यष्टी धरायची, आल्यावर वह्या तपासायच्या. दुसऱ्यांच्या बापाचं लई इचारत फिरलो."

मला भडभडून आलं. मग मी त्यांना जे रोज दिसायचं ते सांगितलं. लहानपणी मी आमच्या ओट्यावर दात घासत असायचे. गुरुजी स्टँडकडं निघाले, की काकू उलथणं हातात घेऊनच दारात यायच्या आणि ते कोपऱ्यावर वळेस्तोवर तिथंच उभ्या राहायच्या. आत तव्यावरची भाकरी करपायची. वास आमच्या चुलीपर्यंत यायचा, आणि आई म्हणायची, निघाले बघ गुरुजी.

गुरुजींनी लाल पेनाला टोपण लावलं.

"करपकी भाकर रोज तीच खायची," ते म्हणाले. "म्या म्हणायचो, इतकी वर्षं झाली, तुला भाकर भाजता येईना."

डोळे पुसले आणि सवयीनं विचारलं, "उलथणं कुठल्या हातात?"

"डाव्या."

"व्हय. डावरीच होती." वर्षभरात पहिल्यांदा त्यांना हसताना बघितलं. कागद उलटा केला आणि निळा पेन मागितला.

वर्षश्राद्धाला घरात पुरणावरणाचा स्वयंपाक होता. तरी गुरुजी तव्यापाशी पाट घेऊन बसले. लेकीला एक भाकरी टाकायला लावली आणि ती होईपर्यंत कुणी हाक मारली तरी उठले नाहीत. डाग न पडलेली ती पांढरीशुभ्र भाकरी त्यांनी स्वतःच्या हातानं काकूंच्या पानात वाढली.