आधी घर, मंग जेवण

लग्नाच्या पंगतीत पहिला घास उचलणाऱ्या नवरदेवाचा हात धरून "आधी घर, मंग जेवण!" असं ओरडणारा माणूस अख्ख्या आरमोरीत एकच. तलावावर मासे धरणारे आमचे सीतारामभाऊ. नवरदेव नेमका घरजावई व्हायचा होता. त्याला तो टोमणा वाटला. तो उठला, मागोमाग त्याचे दोन्ही मामा उठले, आणि त्यांना वळवून आणेपर्यंत बुंदीच्या लाडवांचे पुन्हा दाणे झाले. भाऊंना बिचाऱ्यांना फक्त शिंपल्याबद्दल सांगायचं होतं!

भाऊ स्वतः चौथी पास. पण त्यांची एकुलती एक पोरगी, शालू, तिकडे समुद्राकाठच्या प्रयोगशाळेत होती. कालव, म्हणजे समुद्रातला शिंपला, त्याचं पिल्लू आपलं कवच कसं घडवतं आणि कोणती जनुकं ते घडवून घेतात, हे शोधायचं तिचं काम. ती तिथे लागल्यापासून गडचिरोली जिल्ह्यातला जनुकांचा सगळा कारभार भाऊंकडे आला.

माझ्या एसटीडी बूथच्या बाकावर त्यांची शाळा भरे.

"पोट्टं मिठाच्या दाण्याहून लहान, वसंता! अंड्यातल्या शिदोरीवर राह्यते, अन् एका दिवसात घर उभं करते. तोवर बाहेरचा घास नाई!"

"त्याले शिकवते कोण, भाऊ?"

"जनुकं! जन्मतःच पोटात चिठ्ठ्या असतेत. एक चिठ्ठी सांगते, काड्यांचा कुड उभा कर. दुसरी सांगते, आता चुन्यानं लिप. आपल्या घरासारखंच. कुडच नसन, तं लिपण थापशीन कायले, बापा?"

एकदा त्यांनी तलावातले चार शिंपले आणून घमेल्यात ठेवले, आणि घरबांधणीला हातभार म्हणून तंबाखू-सुपारीच्या खर्‍र्याच्या चुन्याची अख्खी डबी त्यात रिकामी केली. पाणी दुधासारखं झालं. शेजारच्या मांजरीनं दूध समजून त्यात तोंड घातलं. ती पुढे म्हशीला पाहूनही पळायची. शिंपल्यांनी जी दारं लावली, ती उघडेचनात. भाऊंनी त्यांना तलावात नेऊन सोडलं आणि कान धरून माफी मागितली. शालूनं फोनवर त्यांना असं झापलं, असं झापलं, की विचारू नका! तेव्हापासून चुन्याचं नाव काढलं की भाऊ म्हणत, "पाप होय ते, वसंता. पोट्ट्याले पाण्यातून लागन तेवढंच घेऊ द्यावं."

शालूचा फोन दर रविवारी सकाळी माझ्याच बूथवर यायचा. पहिल्या वर्षी तो फोन म्हणजे शिंक होती. "बरी हाव, जेवली, ठेवते." भाऊ रिसीव्हर तसाच कानाशी धरून बसत. आतून नुसती टूंऽ ऐकू येई.

हल्ली मात्र फोन चांगला लांबायला लागला होता, म्हणून परवाच्या रविवारी मी मुद्दाम कान दिला. भाऊ पोरीला विचारत होते,

"माय, ते जनुकाचं मले काई समजलं नाई बुवा. पह्यले कुड का पह्यले चुना?"

मी उडालोच. तलावाच्या बेडकांनाही पाठ झालेला धडा! शालू सांगत राहिली. भाऊ नुसते "हं... हं..." करत होते. मग तिचं सांगणं संपत आलं असावं, कारण भाऊ घाईघाईनं म्हणाले,

"अन् माय, घमेल्यात थोडा चुना टाकला तं चालन का?"

"बा! किती वेळा सांगू तुले!" तिचा आवाज बाकावर बसलेल्यांनाही ऐकू आला. पुढचं झापणं चांगलं लांबलं. फोनसाठी थांबलेल्या गिऱ्हाइकाला मी बोटानं गप्प केलं.

भाऊंनी डोळे मिटले होते, आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला होता.