यंदाचं की गेल्या वर्षीचं?

परीक्षक साहेब गाडीत बसले, दार ओढून घेतलं आणि सगळ्यात आधी त्यांनी गाणं बंद केलं.

"परीक्षेत गाणीबिणी चालत नाहीत," ते म्हणाले. "हं, घ्या गाडी."

सिस्टरनी क्लच दाबला. निदान त्यांना तसं वाटलं. गाडीनं एक जोरदार गचका खाल्ला, साहेबांचं कपाळ काचेवर आपटता आपटता वाचलं आणि इंजिन बंद पडलं. बाहेर कुंपणाशी उभे असलेले मास्तर दुसरीकडे पाहू लागले.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मालक, शिक्षक आणि मेकॅनिक. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातल्या नर्स. सगळं आयुष्य त्यांनी रात्रपाळ्या काढल्या होत्या. आता घरोघरी जाऊन पेशंटची ड्रेसिंग करणारी एक दिवसपाळीची जागा निघाली होती, पण तिथं स्वतः गाडी चालवत जावं लागायचं. मेट्रनबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "आज लायसन्स दाखवलंत तर जागा तुमची. नाहीतर मला उद्या दुसरं नाव द्यावं लागेल. माझ्या हातात काही नाही."

आणि सिस्टर याआधी दोनदा नापास झाल्या होत्या. पहिल्यांदा त्यांनी मैदानातले सगळे प्लास्टिकचे शंकू आडवे केले. दुसऱ्यांदा चौकात प्रत्येक गाडीला 'तुम्ही आधी जा' म्हणून हात करत त्या इतका वेळ थांबल्या, की तेव्हाचे परीक्षक उतरून चालत ऑफिसात गेले.

भीती हे त्याचं कारण होतं. त्यावर उपाय मास्तरांनीच काढला. सिस्टरना गाण्यांचं अतोनात वेड. दर डिसेंबरात त्या वर्षभरातली आपली आवडती दहा गाणी निवडून, नंबर लावून सगळ्यांना पाठवायच्या. वॉर्डात तो निकाल फार गंभीरपणे घेतला जाई. एका वर्षी भूलतज्ज्ञांचं लाडकं गाणं दहात बसलं नाही, तर ते महिनाभर सिस्टरशी फक्त कामापुरतं बोलत होते.

"मग गाडीत लावा की तुमची गाणी," मास्तर म्हणाले होते. "कान तिकडे गेला की भीती पळेल."

भीती खरंच पळाली. मात्र गाडी चालवायचं काम डोक्याकडून गाण्यांकडे गेलं. 'परतीचं ऊन' लागलं की सिस्टर रिव्हर्समध्ये अशा झोकात वळायच्या, की मास्तर वाहवा करत. चढावर 'कुठं ठेवलंस' लागायचं. त्यातली गायिका वरच्या सुरावर जाण्याआधी क्षणभर श्वास घेते. त्या श्वासाला हँडब्रेक सोडायचा आणि सुराबरोबर गाडी वर न्यायची. यंदाचा पहिला नंबर याच दोन गाण्यांत अडला होता. मास्तर 'परतीचं ऊन'च्या बाजूचे होते, सिस्टर 'कुठं ठेवलंस'च्या.

आणि आज गाडीत शांतता होती.

"पुन्हा प्रयत्न करा," साहेब म्हणाले.

सिस्टरनी ओठ घट्ट मिटले आणि नाकातल्या नाकात 'कुठं ठेवलंस' सुरू केलं. गाडी लोण्यासारखी निघाली. मैदानाला एक वळसा झाला. साहेबांनी कान टवकारले.

"कसला आवाज येतोय हा?"

सिस्टर दचकून गप्प झाल्या. "कुठला साहेब?"

"आता गेला."

गिअर बदलायची वेळ आली. सिस्टरचा नाइलाज झाला.

"हा बघा, आला! फॅनबेल्ट घासतोय. थांबवा गाडी."

साहेब उतरले, बॉनेट उघडलं आणि आत वाकून पाहू लागले. बॉनेट वर गेलेलं बघून मास्तर कुंपणाकडून धावत आले.

"काय झालं साहेब? कालच सगळं खोलून बसवलंय!"

"आवाज येतोय. बारीक, रडल्यासारखा."

"रडल्यासारखा?" मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बेल्ट दाबून पाहिला, नळ्या हलवल्या, मग इंजिन चालू करायला लावून कान लावला. इंजिन शांतपणे गुरगुरत होतं.

"नादुरुस्त गाडीवर परीक्षा होत नाही," साहेबांनी हात झटकले. "पुढची तारीख घ्या."

पुढची तारीख म्हणजे जागा गेली. सिस्टर गाडीतून उतरल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"साहेब, गाडी ठीक आहे. तो आवाज माझा आहे."

"तुमचा?"

"मी गुणगुणत होते. त्याशिवाय माझा पाय हलत नाही."

मास्तरांनी हळूच बॉनेट खाली केलं. 'रडल्यासारखा' हा शब्द मात्र सिस्टरना फार लागला होता.

साहेबांनी गाडीचं दार उघडलं. "बसा," ते म्हणाले. "आता रस्त्यावर जायचंय. आणि तोंडातून आवाज नको, काय?"

रस्त्याला लागल्यावर सिस्टर मनातल्या मनात गाऊ लागल्या. सरळ रस्त्यावर ते जमलं. पण पुढे चढ आला. चढाच्या मध्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत रस्ता ओलांडत होते, म्हणून थांबावं लागलं. सिस्टरनी हँडब्रेक ओढला आणि आरशात पाहिलं. मागे अगदी चिकटून एक टेम्पो उभा होता. वरपर्यंत काचेच्या बाटल्या भरलेला.

गृहस्थ पलीकडे पोचले.

"निघा," साहेब म्हणाले.

सिस्टर गाणं आठवू लागल्या. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसऱ्या ओळीनंतर तो श्वास होता आणि तिसरी ओळ काही केल्या आठवेना. टेम्पोनं हॉर्न दिला. सिस्टरनी घाईघाईनं हँडब्रेक सोडला. गाडी पुढे जाण्याऐवजी बोटभर मागे सरकली. बाटल्यांची किणकिण ऐकू आली. टेम्पोवाला खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडू लागला.

"ब्रेक!" साहेब किंचाळले.

सिस्टरनी ब्रेक दाबला. रक्ताच्या थारोळ्यातला माणूस पाहून न डगमगणाऱ्या सिस्टर, पण आता त्यांना स्टिअरिंगसुद्धा धड दिसेना.

"मला नाही जमणार, साहेब. तिसरी ओळ गेली."

साहेबांनी मागे टेम्पोकडे पाहिलं, पुढे चढाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर तोंड करून, घसा खाकरून, अगदी हलक्या आवाजात ते गायले, "उंबऱ्यापाशी की उशाशी, कुठं ठेवलंस…" आणि त्यांनी श्वास घेतला.

क्लच, अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेकवरून पाय. सुराबरोबर गाडी चढ चढून वर आली.

सिस्टरच्या जिवात जीव आला. "साहेब! तुम्हाला हे गाणं येतं?"

"न यायला काय झालं? माझं गेल्या वर्षीचं पहिल्या नंबरचं गाणं आहे ते."

"गेल्या वर्षीचं?" सिस्टरनी तिसरा गिअर टाकला. "काहीतरीच काय! हे यंदाचं गाणं आहे."

"मी दर वर्षी दहा गाणी निवडतो, बाई. माझी चूक होणार नाही."

"मीही निवडते! वर्षभर ऐकून, तोलून मापून निवडते. माझा यंदाचा पहिला नंबर तुम्ही असा सहज खोडून टाकणार?"

"गेल्या वर्षीचं गाणं यंदाच्या दहात घेणं हा अप्रामाणिकपणा आहे."

"अप्रामाणिकपणा?"

इथून पुढे गाडीत जे झालं ते लिहून काढणं अवघड आहे, कारण दोघंही एकाच वेळी बोलत होते. साहेबांनी गायिकेच्या आधीच्या गाण्यांचा दाखला दिला, सिस्टरनी तो उडवून लावला. मध्येच 'परतीचं ऊन'चा विषय निघाला. साहेबांनी त्याला 'बेताचं' म्हटलं, तेव्हा सिस्टरनी त्याचीही बाजू घेतली. गाडी मैदानात येऊन दोन शंकूंच्या बरोबर मध्ये उभी राहिली, तेव्हा दोघांना दम लागला होता.

साहेबांनी मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. कागद कोरा होता.

"बाई," ते सावकाश म्हणाले, "मी काही पाहिलंच नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही कशी चालवलीत ते. आपण चौकातून आलो ना? सिग्नल कुठला होता?"

सिस्टरनी आठवून पाहिलं. "मीही नाही पाहिला, साहेब."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"न पाहता पास करणं माझ्या तत्त्वात बसत नाही," साहेब म्हणाले. "आणि न पाहता नापास करणंही. चला, परत जाऊ चौकात."

यावेळी कुणी चकार शब्द काढला नाही. सिस्टरनी गाडी हळूहळू चौकापर्यंत आणली. सिग्नलपाशी उभ्या पोलिसानं गाडी ओळखली आणि हात वर केला. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पोलीस खिडकीशी येऊन वाकला.

"मघाशी तुम्हीच गेलात ना दोघं, भांडत?"

"हो," साहेब म्हणाले.

"ताई, मी लांबूनच पाहत होतो. म्हटलं, हे आता कुणाला तरी उडवणार. तर कसलं काय! लाल दिव्याला रेषेच्या अलीकडे थांबलात. त्या बाबागाडीवाल्या बाईंना जाऊ दिलंत. वळताना इंडिकेटर दिलात, आरशात पाहिलंत. आणि तोंड एक क्षण बंद नाही! इतक्या वर्षांत नवरा-बायकोचं एवढं शिस्तीतलं भांडण मी पाहिलं नाही."

"आम्ही नवरा-बायको नाही," साहेब घाईनं म्हणाले.

"असू द्या, असू द्या," पोलीस समजुतीनं म्हणाला. "राग ओसरला की सगळं ठीक होतं. घरी जा."

मैदानात परत येईपर्यंत साहेबांनी कागद भरला. खाली 'उत्तीर्ण' लिहून सही केली आणि सिस्टरच्या हातात दिला. सिस्टरनी तो दोनदा वाचला. डोळे पुसले. मग म्हणाल्या, "साहेब, तुमचंच बरोबर होतं. मला येताना आठवलं. गेल्या वर्षीच्या शेवटच्या रात्री मी ड्युटीवर होते. वॉर्डातल्या एका आजींनी रेडिओ लावायला लावला होता. त्यावर हेच गाणं लागलं होतं."

"नाही नाही," साहेब गडबडले. "मीही तोच विचार करत होतो. माझीच चूक. तेव्हा फक्त मुखडा ऐकवला होता, आणि मी त्यावरच पहिला नंबर देऊन बसलो. पूर्ण गाणं जानेवारीत आलं. तुमचंच बरोबर."

"कसं बरोबर असेल? मी पूर्ण ऐकलंय ना!"

"शक्य नाही, बाई. मुखडाच होता तो."

"आजींचा हात माझ्या हातात होता साहेब, शेवटच्या ओळीपर्यंत! गाणं गेल्या वर्षीचंच आहे!"

"यंदाचं आहे!"

कुंपणाशी मास्तर पायांच्या टाचा उंचावून पाहत होते. गाडीत पुन्हा हातवारे सुरू झालेले दिसले, तसे ते मटकन खाली बसले आणि शेजारी उभ्या असलेल्या पुढच्या उमेदवाराला म्हणाले, "गेली. हातातोंडाशी आलेली बाई गेली."