बाय बसली की फ्यूज जातो

आमच्या शेजारचा गणू मिस्तरी गाडीला हात लावण्याआधी गाडीवाल्याची उलटतपासणी घ्यायचा. काल कुठं गेला होतात, सोबत कोण होतं, खड्ड्यात आदळली का, सगळं. एकदा एका डॉक्टरांनी वैतागून विचारलं, "अरे, आजारी गाडी आहे की मी?"

"गाडी खोटा बोलत नाय, डाक्टर," गणू म्हणाला. "मानूस बोलतो."

पनवेलात पुण्याच्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांच्या वायरिंगचं काम. मी पोस्टात कारकून. सुटलो की त्याच्या बाकड्यावर बसायचो. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "दिवसभर वायरीच सोडवतो. घरी आनखी गुंता कशाला?"

साठ सालानंतरची गोष्ट. एका दुपारी शर्यतीची गाडी दुकानाशी ढकलत आणली गेली. बुटकी, लाल, टप नाही, दारावर मोठा आकडा. मालकीण मुंबईची पारशी मुलगी, फ्रेनी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याकडे तिची शर्यत होती आणि गाडीचा फ्यूज सारखा जळत होता.

गणूने फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडला. "कुठं शॉर्ट असंल तर ह्यो लखकन पेटंल." बल्ब पेटला नाही. त्याने एकेक वायर हलवून पाहिली, बॉनेट ठोकलं. बल्ब ढिम्म. दोन तास गेले. फ्रेनी थकून गाडीत जाऊन बसली, आणि बल्ब लख्ख पेटला.

"बाय, उतर."

ती उतरली. बल्ब विझला.

"आता बस."

पेटला. रस्त्यावरची माणसं हसायला लागली. फ्रेनी लालबुंद झाली. गणूने मात्र फक्त विचारलं, "शीट कधी सरकवलीस?"

"गेल्या आठवड्यात. माझे पाय ब्रेकला पोचत नव्हते."

"ह्या आदी सांगाचा ना."

सीट पुढं घेताना ब्रेकच्या दिव्याची वायर सीटच्याच लोखंडी पट्टीखाली अडकली होती. वरून वजन आलं की सोललेली तार पत्र्याला टेकायची. गणूने नवी वायर ओढली, तिला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं आणि बाजूनं नेली. मग फ्रेनीला दहा वेळा उठवलं, दहा वेळा बसवलं.

निघताना तो तिला म्हणाला, "घरी पोचलीस की कार्ड टाक."

पुढच्या आठवड्यात कार्ड आलं. गणूला वाचता येत नसे, मीच वाचलं. तिचा तिसरा नंबर आला होता. रविवारी ती सुखरूप घरी पोचली होती.

"शेवटचा परत वाच."

"सुखरूप घरी पोचले."

गणूने हातातला पान्हा पुसून खाली ठेवला. मग म्हणाला, "माजा धाकटा भाव ट्रकवर व्हता. घाटात त्याचे दिवं गेलं, घरी आलाच नाय. तवा मी मिठागरावर होतो, मना यातला काय बी कलत नवता. मंग शिकलो."

पंधरा वर्षांच्या शेजारात त्याला भाऊ होता हे मला त्या दिवशी कळलं.

"उत्तर लिव," तो म्हणाला. मी कार्ड काढलं. तो विचार करून सांगत गेला, मी लिहीत गेलो: "बाय, पुण्याला जाशील तवा दुकानाशी थांब. गाडी बरी असली तरी थांब. च्या घेऊ."