टेंबेकाका आणि सर्दीवाला

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे टेंबेकाका दर रविवारी सकाळी भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसतात. वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखे. त्यांच्या पाठीमागे टेबलावर रेकॉर्ड प्लेअर असतो आणि प्लेअरशेजारी उभे असतात त्यांचे मित्र डेंझिल साब. डेंझिल साब कपाटातून एक रेकॉर्ड काढतात, तिचं कव्हर सोफ्याच्या गादीखाली दडवतात आणि सुई टेकवतात. खरखर सुरू होते. वाद्याचा पहिला सूर यायच्या आत काकांचा हात वर गेलेला असतो.

“सर्दीवाला!”

डेंझिल साब वैतागतात. “अरे टेम्बे, अभी उसने बजाया कहाँ है?”

“साँस तो ली ना!”

हा सर्दीवाला म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला एक सॅक्सोफोन वाजवणारा. त्याचं खरं नाव कव्हरवर छापलेलं आहे आणि काका ते बिनचूक उच्चारतात. पण त्या नावात मध्येच जीभ टाळूला लावून ‘टक्’ असा आवाज काढावा लागतो. तो जमावा म्हणून काका कितीतरी दिवस आरशासमोर उभे राहून टकटक करत होते. सुधाकाकू सांगतात, “मी स्वयंपाकघरातून विचारायचे, अहो, घरात टांगा आणलाय की काय?”

शेवटी घरगुती वापरासाठी काकांनी सगळ्या वादकांना मराठी नावं ठेवली. सूर लावण्याआधी नाकातून सूं करतो, तो सर्दीवाला. कुठलंही गाणं प्रार्थनेसारखं सुरू करणारा पियानोवाला, तो जोशीबुवा. उशिरा येऊन, मोठमोठ्याने बोलून, सगळ्यांच्या आधी निघून जाणारा ट्रम्पेट, तो रागीट जावई. आणि मागे राहून सगळ्यांचं सांभाळून घेणारा, पण कुणाच्या फारसा लक्षातच न येणारा बेसवाला, त्या थोरल्या वहिनी.

त्यामुळे काकांकडे गेलं की कानावर पडतं, “आज जावई जरा जास्तच तापलेत.” किंवा, “थोरल्या वहिनी होत्या म्हणून निभावलं हो.” ग्वाल्हेरहून आलेल्या काकूंच्या मावसबहिणीने चार दिवस हे ऐकलं आणि जाताना काकूंना बाजूला घेऊन विचारलं, “सुधा, तुझी थोरली जाऊ एवढी गुणाची, मग एकदाही इकडे फिरकली कशी नाही?”

झाशीत खंडेराव गेटच्या गल्लीत हे सगळं चालतं, हे मुद्दाम सांगायला हवं. खाली गाड्यांचे हॉर्न, समोरच्या घरातून देवीची भजनं, आणि वरून आफ्रिकेतला सॅक्सोफोन. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा जॅझ म्हणजे इंग्रजी बँडबाजा एवढीच माझी समज होती. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, “वरून काही वाजायला लागलं तर घाबरू नकोस. टेंबे आहेत ते. माणूस सोन्यासारखा आहे.”

काका एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. ट्रान्सफॉर्मर हा त्यांचा विषय. तरुणपणी कारखान्याने त्यांना कामासाठी झांबियातल्या लुसाका शहरात पाठवलं. त्या काळात खाली दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य होतं. काळ्या वादकांनी कुठे वाजवायचं, कुणाच्या शेजारी बसून वाजवायचं, याचीसुद्धा बंधनं होती. कितीतरी जण घरदार सोडून बाहेर पडले. त्यातले काही लुसाकाला येऊन वाजवायचे. काका त्यांना ऐकायला जायचे. बाकीचे इंजिनियर परदेशातून टेपरेकॉर्डर आणि साड्या घेऊन आले, काका एक ट्रंकभर रेकॉर्ड घेऊन आले.

डेंझिल साब रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. त्यांचा देव अमेरिकेत. एकदा गल्लीतून जाताना त्यांना वरून सॅक्सोफोन ऐकू आला. ते सरळ जिना चढून आले आणि नाव वगैरे न सांगता म्हणाले, “अच्छा है, लेकिन असली माल अमेरिका का होता है. ये तो उसका कज़िन है.” काकांनी आधी त्यांना बसवलं, चहा दिला आणि मग त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत भांडले. ती मैत्री आजतागायत टिकून आहे. भांडणही.

काकांना हरवायचं हे डेंझिल साबांचं म्हातारपणातलं ध्येय होऊन बसलंय. एकदा ते अगदी टवटवीत चेहऱ्याने आले. ऑस्ट्रेलियातल्या मुलाने नवीन रेकॉर्ड पाठवली होती. काका भिंतीकडे वळले. सुई टेकली. पियानो सुरू झाला, तो थेट प्रार्थनेसारखा. मलाही वाटलं, हे तर जोशीबुवा! काका मात्र गप्प. गाणं अर्ध्यावर आलं तरी गप्प. डेंझिल साबांनी मला डोळा मारला.

“जोशीबुवा नाहीत,” काका म्हणाले. “जोशीबुवांचा डावा हात एका जागी जरा अडखळतो. बोट दुखावलेलं असणार कधीतरी. हाही तिथेच अडखळतोय. पण याचं बोट धडधाकट आहे. हा शिष्य आहे. गुरूची चूकसुद्धा मन लावून शिकलाय.”

डेंझिल साबांनी गादीखालून कव्हर काढलं, चष्मा लावला आणि मागचा बारीक मजकूर वाचला. मग त्यांनी कव्हर मुकाट्याने माझ्या हातात दिलं. पियानोवाला खरोखरच जोशीबुवांचा शिष्य होता.

“यू आर नॉट ह्यूमन, टेम्बे,” ते म्हणाले आणि खाली जाऊन सगळ्यांसाठी गरम जलेबी घेऊन आले.

हा कान घेऊन काका बाहेर पडले की आणखी पंचाईत. गेल्या लगीनसराईत खंडेराव गेटपाशी एक वरात चालली होती. काका भाजीची पिशवी घेऊन थेट बँडमध्ये शिरले आणि क्लॅरिनेटवाल्याला म्हणाले, “भैया, आपके उस्ताद सागर के थे क्या?” त्याने क्लॅरिनेट तोंडातून काढलं. वरात थांबली. नवरदेव घोडीवर ताटकळत राहिला. क्लॅरिनेटवाला काकांच्या पाया पडला. त्याचे वडीलच त्याचे उस्ताद होते आणि ते सागर गावचेच होते. मग नवरदेवाच्या काकाने काकांना हाताला धरून बाजूला केलं तेव्हा कुठे वरात पुढे सरकली.

अशा माणसाकडे यंदाच्या हिवाळ्यात एका रविवारी, माझ्या नवऱ्याने खरोखरची दक्षिण आफ्रिकन बाई आणून बसवली.

संजय झाशी स्टेशनवर नोकरीला आहे. ओरछ्याला जाणारे परदेशी पाहुणे इथेच उतरतात. त्या सकाळी नोम्सा नावाच्या एक बाई उतरल्या, पण त्यांना न्यायला येणारी गाडी वाटेत बंद पडली होती. देशाचं नाव ऐकताच संजयने मला फोन केला, “काकांना सांग, हलू नका. घेऊन येतोय.”

काकांनी घाईघाईने इस्त्रीचा शर्ट घातला. नोम्साबाई आल्या. चाळिशीच्या, हसऱ्या. शाळेत गणित शिकवत होत्या. काकांनी नमस्कार केला, पाणी विचारलं आणि लगेच जोशीबुवांची रेकॉर्ड लावली.

“ओळखा बघू!” ते इंग्रजीत म्हणाले.

बाईंनी थोडं ऐकलं. “नाही बाई. कोण आहे?”

काकांनी जावई लावला. मग थोरल्या वहिनी. बाईंना एकही ओळखता येईना. “मी लहान असताना आजोबा असलं काहीतरी ऐकायचे,” त्या ओशाळून म्हणाल्या. “मला सिनेमातली गाणी आवडतात. तुमचीसुद्धा.”

डेंझिल साबांना एवढा आनंद झाला की त्यांनी स्वतःच्या हाताने बाईंना दुसरा कप चहा ओतून दिला.

काकांनी शेवटचा उपाय म्हणून सर्दीवाला लावला. ही त्यांची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड. कुठल्या तरी सभागृहात लोकांसमोर वाजवलेली. गाणं संपलं की सर्दीवाला त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटतो आणि मग टाळ्या येतात.

“इथे तो साथीदारांची नावं सांगतो,” काकांनी बाईंना समजावलं.

बाईंनी कप खाली ठेवला. “नाही. ही नावं नाहीत.”

“नावं नाहीत?”

“परत लावा.”

काकांनी सुई मागे नेली. बाई पुढे वाकून ऐकत राहिल्या. “आमच्या घरची भाषा आहे ही. पण जुनी, गावाकडची. एक शब्द मला नीट लागत नाहीये. थांबा, आईला विचारते.” त्यांनी फोन लावला, आईशी भराभर काहीतरी बोलल्या आणि फोन स्पीकरजवळ धरला. काकांनी पुन्हा सुई टेकवली.

सर्दीवाल्याने श्वास घेतला, वाजवलं, पुटपुटला. टाळ्या झाल्या. मग फोनमधून म्हातारीचा खरखरीत आवाज आला, संथ, थांबत थांबत.

नोम्साबाईंनी आम्हाला सांगितलं, “तो आईशी बोलतोय. म्हणतोय, आई, मी जेवलोय. आता दाराशी बसू नकोस. दार लावून घे.” आणि मग म्हणाल्या, “माझी आई म्हणते, त्या वेळी आमच्या गल्लीत पुष्कळ घरांची दारं, देश सोडून गेलेल्या पोरांसाठी, अशीच उघडी असायची.”

काका प्लेअरजवळ उभे होते. चाळीसहून जास्त वर्षं ते हा आवाज ऐकत होते. त्या माणसाचं नाक, फुप्फुसं, दमलेला कधी आणि मजेत कधी, सगळं त्यांना ठाऊक होतं.

फोनवरची म्हातारी पुन्हा काहीतरी म्हणाली. नोम्साबाई हसल्या. “ती विचारतेय, ज्यांच्या घरी ही रेकॉर्ड आहे ते आजोबा जेवले का?” आणि त्यांनी फोन काकांच्या हातात दिला.

काकांनी फोन कानाला लावला. पलीकडून म्हातारी बोलत होती. काकांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. ते ऐकत राहिले आणि मग एकदम, सगळी गल्ली दणाणेल एवढ्या मोठ्याने मराठीत ओरडले, “जेवलो! जेवलो, आई!”

डेंझिल साबांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

त्यानंतर काकूंनी पानं वाढली. नोम्साबाईंनी आमटी-भात मागून घेऊन खाल्ला. दुपारी गाडी आली, सगळे त्यांना खाली पोहोचवायला गेले. मी आणि काकू भांडी घेऊन मोरीपाशी बसलो.

“ह्यांनी त्या माउलीला खोटं सांगितलं गं,” काकू म्हणाल्या. “कुठे जेवले होते तेव्हा!”

मी हसले. काकू हसल्या नाहीत. नळ बारीक करून म्हणाल्या, “मंजू, हे लुसाकाला होते ना, तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता. तारघरात जाऊन बसावं लागायचं. एकदा सासूबाई म्हणाल्या, आज मीच बोलते मधूशी. नऊवारी अशी चापूनचोपून नेसल्या, जशा काही लुसाकालाच निघाल्यात. बऱ्याच वेळाने फोन लागला. लाइनीत नुसता वारा. सासूबाई विचारतायत, मधू, जेवलास का रे? आणि हे तिकडून, कोण? कोण बोलतंय? त्यांनी परत विचारलं. परत ह्यांचं तेच, कोण बोलतंय? आणि लाइन गेली.”

“मग?”

“मग काय. परत फोन लागायच्या आत सासूबाई गेल्या. हे आले तोवर सगळं आटोपलं होतं.” काकूंनी एक ताट विसळून पालथं ठेवलं. “पण त्या दिवशी तारघरातून येताना त्या हसत होत्या गं. म्हणत होत्या, सुधा, बघ की, माझंच पोर मला विचारतंय, कोण बोलतंय म्हणून! ओरछा गेट येईपर्यंत हसू थांबत नव्हतं त्यांचं. मी ह्यांना कितीदा सांगितलं. ह्यांना वाटतं, मी आपली मन राखायला सांगते.”

मी मान वर केली तर दारात काका उभे होते. नोम्साबाईंचा चहाचा कप आत ठेवायला आले होते. कधीपासून उभे होते, कोण जाणे.

“कशी हसत होती?” त्यांनी विचारलं.

“कशी म्हणजे?”

“म्हणजे आवाज कसा येत होता? तुला करून दाखवता येईल?”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी नळ बंद केला, पदराला हात पुसले, तोच पदर तोंडाशी धरला आणि हसल्या. ते हसू काकूंचं नव्हतं. घशातून आलेलं, मध्येच उचकीसारखं अडकणारं, मग पुन्हा सुटणारं, कुणा दुसऱ्याच बाईचं हसू होतं.

काका चौकटीला टेकले होते. त्यांचे डोळे मिटलेले होते.

“परत एकदा,” ते म्हणाले.