लोळवार

सोमवारी सकाळी पहिलीच्या वर्गात भिंतीवर सात नवी दारं दिसली. ती कागदाची होती. बाईंनी रविवारची अख्खी दुपार खर्चून एका लांब पट्टीवर ती ओळीने चिकटवली होती. दार उघडलं की आत वाराचं नाव. बुधवारच्या दाराला थोडा जास्त गोंद लागला होता, त्यामुळे ते ओढून उघडावं लागे आणि म्हणून मुलांना तेच सगळ्यात जास्त आवडलं.

बाई शाळेत नव्या होत्या आणि हंगामी होत्या. त्या सकाळीच मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, त्यांना जिन्यात गाठलं होतं.

"आत्ताच शिक्षण खात्यातल्या मोठ्या साहेबांचा फोन येऊन गेला. आठ दिवसांनी येतायत, तुमचा वर्ग बघायला. सध्या वार शिकवताय ना? मग तेच विचारतील. आवडलं तर तुम्ही इथे कायम. नाही आवडलं तर..." पुढचं वाक्य मोठ्या बाईंनी खांद्यांनी पूर्ण केलं.

बाईंना इथे राहायचंच होतं. याआधीच्या दोन्ही शाळांमध्ये मुलं वाचायला लागायच्या सुमारास त्यांना निरोप मिळाला होता. अक्षराला अक्षर जुळून पहिला शब्द होतो तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो बघायला दोन्ही वेळी दुसरंच कुणीतरी हजर होतं. आता या वर्गातल्या निम्म्या मुलांची गाडी नुकती कुठे 'कमळ'पाशी आली होती.

"हं," बाई वर्गाला म्हणाल्या, "आज सोमवार. मग काल कोणता वार होता? आठवा!"

पहिल्या बाकावरून एक हात वर झाला. तो बाईंना अपेक्षित होता. त्या हाताच्या मालकिणीला शिक्षकांच्या खोलीत सगळे 'वकील' म्हणत, कारण तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं.

"पण बाई, आठवा कुठंय? दारं तर सातच आहेत."

"अगं, आठवा नाही. आठवा! म्हणजे विचार करा."

"केला. पण आठवा वार कुठला ते सापडत नाहीये."

"वार सातच असतात, बाळा. आठवड्याचे वार सात."

वकील थांबली. तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली. "पण मग त्याला आठवडा का म्हणतात? सातवडा का नाही?"

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याचे पुढचे दोन्ही दात नुकतेच पडले होते, म्हणून त्याचं नाव 'खिडकी'. "माझी आजी पण आठच म्हणते, बाई. 'आत्या आठ दिवसांनी येणार.' दर वेळी आठ. सात कध्धीच नाही."

"माझे बाबा पण!" "आमच्याकडे पण!" वर्गभर साक्षीदार उभे राहिले.

इतकी वर्षं बाई हा शब्द वापरत होत्या, पण त्याच्या पोटात आठ आहेत हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "उद्या सांगते हं." मोठ्या माणसांना हे वाक्य सुटकेचं वाटतं. लहान मुलांना ते वचन वाटतं.

घरी जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"सोपं आहे," तो म्हणाला. "पंधरवडा म्हणजे पंधरा दिवस. तसा आठवडा म्हणजे आठ."

"मग दोन आठवडे मिळून सोळा व्हायला हवेत ना? पंधरवडा कसा?"

नवऱ्याने बाईंच्या पानात आणखी एक पोळी वाढली. "तू जेव आधी," तो म्हणाला.

मंगळवारी बाई वर्गात शिरल्या तर वकील उभीच होती. "उद्या झाला, बाई. सांगा."

आता शिकवणाऱ्याला उत्तर येत नसेल तर तो प्रश्न फिरवतो. बाईंनी तेच केलं. "बरं, असं करू. समजा, आठवा वार आहे. तर त्या दिवशी तुम्ही काय कराल?"

इथे खरी चूक झाली. मोठ्या माणसाला 'समजा' म्हटलं की तो धरून चालतो; सहा वर्षांच्या मुलाला 'समजा' म्हटलं की त्याला समजतं. सबंध वर्गाला एका क्षणात समजलं, की आठवा वार आहे.

बाईंनी हौसेने आठवं दार केलं आणि पट्टीच्या शेवटी, रविवारच्या पलीकडे चिकटवलं. वाराला नाव हवं म्हणून सूचना मागवल्या. खेळवार आला, खाऊवार आला, एका मुलीने 'आईघरीवार' सुचवला. मग खिडकी म्हणाला, "लोळवार! त्या दिवशी कुणी काही करायचं नाही. नुसतं लोळायचं." त्यावर मतदानाची गरजच उरली नाही. दाराच्या आत मोठ्या अक्षरांत 'लोळवार' लिहिलं गेलं, आणि विशेष म्हणजे 'ळ' न येणाऱ्या मुलांनाही त्या दिवशी 'ळ' आला. बाई खूश होऊन घरी गेल्या.

गुरुवारी शाळा सुटताना फाटकाशी तीन पालक उभे होते.

"बाई, मी सलून चालवतो," पहिले म्हणाले. "पोराने काल दुकानावर पाटी लावली, 'लोळवारी दुकान बंद'. अक्षर छान आहे, माझी तक्रार नाही. पण गिऱ्हाईकं विचारतायत, लोळवार म्हणजे तारीख किती? एकाचं लग्न आहे हो, तो घाबरून आजच दाढी करून गेला. त्याचं लग्न रविवारी आहे!"

दुसरे वकिलाचे आजोबा. त्यांनी खिशातून गोळ्यांची डबी काढली. तिला सात कप्पे होते आणि आठवा कप्पा म्हणून एक काड्यापेटी दोऱ्याने बांधलेली होती. "रोजच्या कप्प्यातली एकेक गोळी काढून हिने लोळवारात टाकली. मी विचारलं, तर म्हणते, 'आजोबा, त्या दिवशी तुम्ही उपाशी राहाल ना!' माया आहे हो पोरीची. पण माझी मंगळवारची गोळी कुठली, हे आता डॉक्टरलासुद्धा सांगता येईना."

तिसऱ्या होत्या एका कचेरीत काम करणाऱ्या आई. त्या सगळ्यात शांत होत्या. "घरी तीन दिवस तेच ऐकतेय. आज साहेबांनी विचारलं, हिशेब कधी देणार, तर माझ्या तोंडून गेलं, लोळवारी."

"अगं बाई! मग?"

"मग काय! त्यांनी लिहून घेतलं."

शुक्रवारी बाईंनी मन घट्ट केलं आणि मुलं यायच्या आत आठवं दार काढून कपाटात ठेवलं. साहेबांपुढे हे दार असणं म्हणजे आपणहून नोकरीला बाहेरचं दार दाखवणंच होतं.

वर्गात शिरल्या शिरल्या वकिलाच्या लक्षात आलं. "बाई, लोळवार चोरीला गेला!"

"चोरीला नाही गं. तो... नव्हताच. आपण गंमत केली होती."

खिडकीच्या खिडकीतून मोठा सूर निघाला. त्याचं ऐकून शेजारची रडली, तिचं ऐकून पुढचा. शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. शेवटी दार परत आपल्या जागी आलं, तेव्हा कुठे डोळे पुसले गेले.

मग बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ऐका हं. लोळवार आपल्या वर्गापुरता. पण साहेब आले आणि त्यांनी विचारलं, वार किती, तर सगळ्यांनी काय म्हणायचं? सात."

"पण आपल्याला तर आठ वाटतात," वकील म्हणाली. "म्हणजे खोटं बोलायचं?"

वर्ग बाईंकडे बघू लागला. खोटं बोलायचं नाही, हा धडा मागच्याच महिन्यात झाला होता आणि तो बाईंनी फार चांगला शिकवला होता. बाईंनी समोरच्या त्या तीस-बत्तीस चेहऱ्यांकडे पाहिलं. नोकरी टिकवायला एवढंसं खोटं पुरलं असतं. पण ते यांच्या तोंडून वदवायचं?

"नाही," त्या म्हणाल्या. "साहेबांना जे खरं वाटतं तेच सांगायचं." आणि मनातल्या मनात त्यांनी आपलं सामान बांधायला घेतलं.

शनिवारी मोठ्या बाईंच्या खोलीत वेगळंच चाललं होतं. साहेब येण्याआधी शाळेला रंग द्यायचा होता आणि साहेब नेमके कधी येणार यावर एकमत होत नव्हतं.

"आठ दिवसांनी म्हणजे सोमवारी," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कसं शक्य आहे?" गणिताचे सर म्हणाले. "फोन सोमवारचा. मंगळवार एक, बुधवार दोन, असं मोजत या. पुढचा सोमवार सातवा. आठवा मंगळवार."

"पण लोक म्हणतात सोमवारच."

"लोकांचं सोडा, मोठ्या बाई. हे गणित आहे."

गणितापुढे कुणाचं काय चालतं? ठरलं, साहेब मंगळवारी. सोमवारी रंगकाम.

सोमवारी सकाळी शाळेतले सगळे बाक बाहेर पटांगणात आले. सातवीचा वर्ग झाडाखाली, पाचवीचा वर्ग पाचवीच्याच बाकांवर उभा. मोठ्या बाई डोक्याला फडकं बांधून रंगाऱ्याला रंगाची छटा पटवून देत होत्या. फक्त पहिलीचा वर्ग शेवटच्या टोकाला असल्यामुळे तिथपर्यंत शिडी अजून पोचायची होती आणि तिथले बाक जागेवरच होते.

आणि बरोबर दहा वाजता साहेब आले. बाकांच्या डोंगरातून वाट काढत, ओल्या भिंतींना अंग चुकवत ते शाळाभर फिरले आणि ज्या एकाच खोलीत माणसं बसलेली दिसली त्या खोलीत शिरले.

बाईंच्या हातातला खडू खाली पडला.

"चालू द्या, चालू द्या," साहेब म्हणाले आणि दारातल्या छोट्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले. "काय रे बाळांनो, आठवड्याचे वार किती?"

वकिलाचा हात वर झाला. बाईंनी डोळे मिटले.

"पण तुम्ही उद्या येणार होता ना?" वकील म्हणाली. "मोठ्या बाई म्हणाल्या, साहेब आठ दिवसांनी येणार, मंगळवारी."

"मग आठ दिवसांनीच आलोय की," साहेब म्हणाले. "मोज हवं तर. मी फोन केला तो सोमवार. तो एक."

वकील भिंतीपाशी गेली आणि एकेक दार उघडू लागली. वर्ग तिच्याबरोबर ओरडू लागला. सोमवार, एक! मंगळवार, दोन! बुधवार चिकटलेला होता, त्याला खिडकीने हात लावला. रविवार, सात!

"आणि आज?" साहेबांनी विचारलं.

वकिलाने आठवं दार उघडलं. "आठ! साहेब, तुम्ही लोळवारी आलात!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. "लोळवार?"

बाई सारवासारव करायला पुढे झाल्या. पण त्याच क्षणी, त्या आठव्या दाराकडे बघताना, त्यांच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. मुलं चुकली नव्हती. घरोघरची माणसं चुकली नव्हती. मोजणी आठच येत होती. त्यांनी भिंतीवरून ती अख्खी पट्टी काढली, दोन्ही टोकं धरली आणि गोल वळवली. आठवं दार पहिल्या दारावर जाऊन बसलं.

"बाळा, इकडे ये. लोळवारच्या खाली आता कुठलं दार आलंय?"

वकिलाने लोळवारचं दार उचललं आणि खाली पाहिलं. "सोमवार!"

"म्हणजे आठवा वार येतो," बाई म्हणाल्या, "पण येताना सोमवार होऊन येतो. सोमवारपासून सोमवारपर्यंत मोजलं की आठ. नावं मात्र सातच. म्हणून आपण आठवडा म्हणतो."

सगळे वकिलाकडे बघत होते, कारण निकाल तीच देणार होती. तिने पट्टीवर बोट ठेवून एक चक्कर मारली. दुसरी मारली, तेव्हा मोजणी पंधरावर थांबली. मग कपाळावरची आठी हळूहळू उलगडली.

"हे बरोबर आहे," ती म्हणाली. "पण बाई, तुम्ही आधीच का नाही सांगितलं?"

"मलाही आत्ताच कळलं गं."

खुर्चीवरून मोठा आवाज झाला. साहेब हसत होते. इतके, की छोटी खुर्ची करकरली. "तीस वर्षं शाळा बघतोय," ते डोळे पुसत म्हणाले. "'मलाही आत्ताच कळलं' हे वाक्य शिक्षकांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं."

"मग लोळायचं कधी?" खिडकीने काळजीने विचारलं.

"रविवारी," साहेब म्हणाले. "मीही तेच करतो."

एवढ्यात दारात मोठ्या बाई आल्या. डोक्याला फडकं, हातात कुंचला, नाकावर पिवळा ठिपका. "साहेब! अहो, तुम्ही तर उद्या..."

"सोमवार धरून मोजायचं, मोठ्या बाई!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

मोठ्या बाईंनी कुंचला पाठीमागे लपवला. साहेब कसेबसे खुर्चीतून सुटले आणि बाईंसमोर आले. "तुम्ही पहिलीवरच राहायचं. इथून हलायचं नाही. कायम केल्याचं पत्र तुम्हाला आठ दि..."

त्यांची नजर पहिल्या बाकाकडे गेली. तिथे एक बोट मोजायला तयार होऊन उभं होतं.

"पुढच्या सोमवारी मिळेल," साहेब म्हणाले.

बोट खाली गेलं. आणि बाई, या आठवड्याभरात पहिल्यांदाच, पाठ टेकून त्या छोट्याशा खुर्चीत बसल्या.